विसाव्यातली वर्दळ

दुपारची जेवणं आटोपलेली असत. ओटा पुसून झाला की आई खिडकीशी येऊन बसायची. हातात काही नाही, नजर समोरच्या गुलमोहराच्या पलीकडे कुठेतरी. "कसला विचार करतेस?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे: "काही नाही." हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलो आणि शब्दशः खरं मानत आलो.

या 'काही नाही'चा शोध जगातले शास्त्रज्ञ गेली 30 वर्षं घेत आहेत. रिकामा बसलेला मेंदू नेमकं काय करतो, एवढ्या एका प्रश्नासाठी परिषदा भरतात, नियतकालिकं निघतात, हजारो माणसं यंत्रांत निजून येतात. या शोधाची एक वाट संयुक्त अरब अमिरातीत येऊन पोचली आहे. लाखो भारतीयांबरोबर कितीतरी मराठी घरंही याच देशात राहतात, म्हणून हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

फुलीकडे बघा

अबू धाबीच्या किनाऱ्याला लागून सादियात नावाचं बेट आहे. नावाचा अर्थ आनंदाशी जोडलेला. लूव्र अबू धाबी हे संग्रहालय 2017 साली याच बेटावर उघडलं. त्याआधी, 2014 साली, न्यूयॉर्क विद्यापीठाचं अबू धाबीतलं संकुल इथे आलं. इथे मेंदूच्या अभ्यासाचं केंद्र आहे, माणसाचा मेंदू न उघडता आतलं पाहणारी यंत्रं आहेत.

अशा प्रयोगाची रीत जगात सगळीकडे जवळपास सारखीच. खिशातल्या किल्ल्या, अंगठी, घड्याळ, कंबरेचा पट्टा बाहेर ठेवायचा. मंगळसूत्र काढून ठेवायचं. कानात बोळे घालून एमआरआयच्या नळीत उताणं झोपायचं. संशोधनासाठी आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या तीन टेस्ला ताकदीच्या यंत्राचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट असतं. डोक्याभोवती ठोकल्यासारखा आवाज सुरू होतो, डोळ्यांसमोर एक छोटी फुली दिसते, आणि सूचना मिळते: डोळे उघडे ठेवा, फुलीकडे बघा, हलू नका, झोपू नका, मुद्दाम कसलाही विचार करू नका.

एवढंच काम, आठ-दहा मिनिटांचं. यंत्र दर दोन सेकंदांना अख्ख्या मेंदूचं एक चित्र घेत असेल, तर दहा मिनिटांत तीनशे चित्रं जमा होतात. शास्त्रज्ञ या अवस्थेला 'रेस्टिंग स्टेट' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी एक जुना, सुंदर शब्द आहे: विसावा.

टाकून दिलेला गोंगाट

विसाव्यातला मेंदू स्वस्थ नसतो, याच्या खुणा फार पूर्वी मिळाल्या होत्या. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसाच्या डोक्यावरून विद्युत लहरी टिपल्या आणि 1929 साली त्या प्रसिद्ध केल्या. डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाच्या मेंदूतूनही सेकंदाला सुमारे दहा या गतीनं लहरी उठत होत्या. पुढे 1955 साली अमेरिकेत लुई सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना मनातल्या मनात गणितं करायला लावली. अख्ख्या मेंदूचा प्राणवायूचा खर्च मोजला, तर तो गणित करताना आणि नुसतं पडून असताना सारखाच निघाला.

हिशोब विलक्षण आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला वीस टक्के वाटा त्याचा. एखादं काम हाती घेतल्यावर त्यात पडणारी भर पाच टक्क्यांहूनही कमी. म्हणजे महिन्याचं किराणा सामान भरावं आणि पाहुण्यांसाठी वरून पावशेर पेढे आणावेत, तसा हा खर्च. सगळं संशोधन मात्र त्या पेढ्यांवरच चाललं होतं.

त्यालाही कारण होतं. 1990 साली सेइजी ओगावा यांनी दाखवून दिलं की रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून मेंदूच्या हालचालीचा माग काढता येतो. प्राणवायू सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित ढवळाढवळ करतं, प्राणवायू धरून असलेलं करत नाही. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावतं, आणि पाच-सहा सेकंदांनी चित्रात तो भाग उजळतो. या तंत्राला एफएमआरआय म्हणतात. माणसाला बोटं हलवायला सांगायचं, मग थांबायला सांगायचं, आणि एकातून दुसरं वजा करायचं. उरेल ते बोटांचं केंद्र. या वजाबाकीत विसाव्याची जागा शून्याची होती.

त्या शून्याकडे पाहिलं अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या एका विद्यार्थ्यानं. त्याचं नाव भारत बिस्वाल. विस्कॉन्सिनच्या मेडिकल कॉलेजात ते पीएचडी करत होते. बोटं थांबल्यानंतरच्या नोंदींत त्यांना संथ चढउतार दिसले, एक लाट पुरी व्हायला दहा सेकंदांहून जास्त लागेल इतके संथ. डाव्या हाताच्या केंद्रातली लाट आणि उजव्या हाताच्या केंद्रातली लाट एकाच वेळी चढत होती, एकाच वेळी उतरत होती. हात मात्र निश्चल होते. हा निबंध 1995 साली छापून आला.

दोन घरांचे दिवे

समजा, चाळीच्या समोरासमोरच्या दोन खोल्या आहेत. आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, खिडकीतला दिवा तेवढा दिसतो. पंधरा दिवस आपण पाहतो आहोत, आणि दोन्ही दिवे नेमके एकाच वेळी लागतात आणि एकाच वेळी मालवतात. आपण म्हणू, या दोन घरांचा काहीतरी घरोबा आहे. रेस्टिंग स्टेटमधली 'कनेक्टिव्हिटी' म्हणजे हाच अंदाज. मेंदूच्या दोन भागांतले चढउतार एकत्र होतात, म्हणजे त्यांच्यात संबंध असणार.

पण चाळीत राहिलेला कोणीही लगेच विचारेल: भारनियमन तर नव्हतं? वीज गेली की सगळ्याच खिडक्या एकदम काळ्या होतात. त्यावरून घरोबा कसा ठरवणार?

बिस्वाल यांच्या निबंधावर शंका घेतल्या गेल्या त्या याच. श्वास, हृदयाचे ठोके, डोक्याची किंचित हालचाल यांनीही अख्ख्या मेंदूतल्या नोंदी एकदम वरखाली होतात. शंका रास्त होती आणि तिला उत्तर मिळायला वर्षं लागली. 2001 साली सेंट लुईसच्या मार्कस रेकल यांच्या गटानं दाखवलं की मेंदूचे काही ठरावीक भाग माणूस कामाला लागला की मंदावतात आणि मोकळा झाला की जागे होतात. या अवस्थेला त्यांनी 'डिफॉल्ट मोड' म्हटलं. स्टॅनफर्डमध्ये मायकेल ग्रेशियस, विनोद मेनन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं की विसाव्यातही हे भाग एकमेकांशी ताल धरून असतात. 2011 साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांना रक्ताशी संबंधच नसलेल्या, मेंदूचं चुंबकीय क्षेत्र थेट मोजणाऱ्या एमईजी यंत्रातही तशीच जाळी सापडली. म्हणजे घरोबा खरा होता, सगळं काही भारनियमनाचं नव्हतं.

ही 'डिफॉल्ट' जाळी कशात गुंतते? गेलेले दिवस आठवण्यात, उद्याची जुळवाजुळव करण्यात, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज घेण्यात. खिडकीशी बसलेली आई जे करत असे, ते सगळं यात आलं.

परिषदा आणि विसावे

पंढरीच्या वाटेवर पालखीचे मुक्काम असतात तसे विसावेही असतात. विसाव्याला दिंड्या टेकतात, पाणी पितात, मागे राहिलेला गाठतो, रस्त्याची चौकशी होते. शास्त्राच्या परिषदांचं मोल मला तसंच वाटतं.

बिस्वाल यांचा निबंध आला त्याच वर्षी, 1995 साली, मानवी मेंदूच्या नकाशांवरची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद पॅरिसला भरली. तेव्हापासून ती दरवर्षी भरत आली आहे. विसाव्यातल्या मेंदूसाठी वेगळी परिषद 2008 साली जर्मनीतल्या माग्डेबुर्गला सुरू झाली. दर दोन वर्षांनी भरायचं ठरलं आणि 2010 साली ती बिस्वाल यांच्या मिलवॉकीत आली. पुढे 2016 साली व्हिएन्नालाही भरली. 2011 साली 'ब्रेन कनेक्टिव्हिटी' हे नियतकालिक निघालं, त्याच्या संस्थापक संपादकांत बिस्वाल होते.

अशा परिषदांत खरं काम व्यासपीठापेक्षा पोस्टरांच्या दालनात होतं. शेकडो फळे उभे असतात, प्रत्येक फळ्यापुढे एखादा विद्यार्थी आपला वर्षा-दोन वर्षांचा घाम एका कागदावर मांडून उभा असतो. जाणारा-येणारा थांबतो आणि विचारतो: तुझ्या प्रयोगात माणसं किती? डोकं हललं त्याचं काय केलंस? इथे पदव्यांना मान नसतो, उत्तराला असतो.

2009 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत अशाच एका फळ्यावर एक मेलेला सामन मासा होता. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातून आणलेला मासा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली. प्रत्येक चित्रात हजारो बिंदू असतात. सगळे तपासायचे आणि योगायोगाची वजावट करायची नाही, असं केलं तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसते, हे त्यांनी सिद्ध केलं. ही वजावट न करणारे कितीतरी निबंध तोवर छापले गेले होते. त्या एका फळ्यानं अनेक प्रयोगशाळांना हिशोब पुन्हा मांडायला लावला.

मला सर्वांत मोलाची वाटते ती 2012 सालची गोष्ट. सेंट लुईसच्याच जोनाथन पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यंत्रात डोकं मिलिमीटरभरही न हलता नुसतं किंचित ढळलं, तरी जवळच्या भागांतले संबंध घट्ट आणि लांबचे सैल दिसू लागतात. लहान मुलं जास्त हलतात. 'मुलांच्या मेंदूत जवळचे संबंध जास्त, मोठेपणी लांबचे वाढतात' हा निष्कर्ष त्यामुळे डळमळला, आणि तो मांडणाऱ्यांत हाच गट पुढे होता. आपलंच घर आपण तपासून तडे दाखवणं सोपं नसतं. त्यांनी ते जगापुढे दाखवलं.

2016 साली आणखी एक तपासणी झाली. स्वीडनचे आंदेर्स एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी नेहमीची संगणकीय अवजारं पारखून पाहिली. काही परिस्थितींत खोट्या होकाराचं प्रमाण पाच टक्के अपेक्षित असताना 70 टक्क्यांपर्यंत जात होतं. ही पारख करायला त्यांनी वापरल्या 499 निरोगी माणसांच्या विसाव्यातल्या नोंदी, ज्या इतर संशोधकांनी आधीच जगासाठी खुल्या करून ठेवल्या होत्या. काहीच न करणाऱ्या माणसांनी आवाजात पडून काढलेली मिनिटं एका शास्त्राला शुद्ध करायला अशी कामी आली.

दुबई, लक्ष्मीपूजनाचा दिवस

2010 साली दुसरं विश्व मराठी साहित्य संमेलन दुबईत भरलं. अध्यक्ष मंगेश पाडगांवकर होते. नऊ वर्षांनी त्याच शहरात मेंदूच्या वैद्यांचा मेळा भरला. जागतिक मज्जाविकार परिषद, 27 ते 31 ऑक्टोबर 2019. यातला 27 ऑक्टोबर हा लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी पाडवा, तिसऱ्या दिवशी भाऊबीज. बर दुबईच्या गल्ल्यांत कंदील लागले होते आणि त्याच शहरात जगभरचे डॉक्टर पक्षाघात, अपस्मार, कंपवात, स्मृतिभ्रंश यांवर बोलत होते. हीच परिषद त्याच्या 30 वर्षं आधी, 1989 साली, दिल्लीत भरली होती.

या मेळ्याला येणारे बहुतेक रोज रुग्ण तपासणारे डॉक्टर. त्यांचा प्रश्न व्यावहारिक असतो: विसाव्यातल्या मेंदूचं हे चित्र माझ्या रुग्णाच्या उपयोगाचं आहे का?

काही ठिकाणी आहे. मेंदूतली गाठ काढण्याआधी हाताचं किंवा भाषेचं केंद्र कुठे आहे ते शस्त्रक्रिया करणाऱ्याला कळायला हवं. एरवी रुग्णाला यंत्रात बोटं हलवायला, शब्द आठवायला सांगतात. पण अर्धांगवायू झालेला माणूस, लहान मूल, शुद्ध हरपलेला रुग्ण हे कसं करणार? त्याला नुसतं पडून राहू दिलं तरी केंद्रांचा माग काढता येतो, यावर काम चालू आहे. अल्झायमरमध्ये 'डिफॉल्ट' जाळीचा ताल बिघडलेला दिसतो, हे 2004 साली ग्रेशियस यांच्या गटानं मांडलं.

पण इथे थांबायला हवं. हे फरक माणसांच्या गटांच्या सरासरीत दिसतात. एकट्यादुकट्याच्या दहा मिनिटांच्या चित्रावरून 'तुम्हाला अमुक आजार आहे' असं सांगण्याइतकं हे शास्त्र अजून पिकलेलं नाही. कोणी रंगीत चित्र दाखवून तुमचा स्वभाव, मुलाची हुशारी किंवा मनाचा आजार सांगू लागला, तर त्याला चाळीतला तोच प्रश्न विचारावा: भारनियमन तर नव्हतं?

"होमवर्क झाला का? यल्ला!"

अमिरातीत दर दहा माणसांतली जवळपास नऊ बाहेरून आलेली. सर्वांत मोठा गट भारतीयांचा. मराठी घरातली आई मुलाला म्हणते, "होमवर्क झाला का? यल्ला, बस येईल!" एका श्वासात तीन भाषा. मूल तितक्याच सहज उत्तर देतं. आजी भारतातून फोनवर हे ऐकते आणि काळजीत पडते: पोराच्या डोक्यात सगळा काला होत असेल.

आजीच्या काळजीला सादियात बेटावरून एक धागा मिळतो. तिथे न्यूयॉर्क विद्यापीठाची भाषा आणि मेंदूची प्रयोगशाळा आहे. आलेक मॅरँट्झ आणि लीना पिल्क्कॅनेन हे भाषाशास्त्रज्ञ तिच्याशी जोडलेले आहेत. जपानच्या कानाझावा इथल्या तंत्र-संस्थेचं 208 संवेदकांचं एमईजी यंत्र तिथे आहे. मेंदूतल्या पेशींच्या विद्युत हालचालीनं जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधी पट क्षीण असतं. म्हणून यंत्राभोवती खास बंदिस्त खोली लागते आणि संवेदक द्रवरूप हेलियमनं उणे 269 अंशांपर्यंत गार ठेवावे लागतात. या यंत्राला सेकंदाच्या हजाराव्या भागातला बदल कळतो.

एस्ती ब्लँको-एलोरिएता आणि पिल्क्कॅनेन यांनी अरबी-इंग्रजी बोलणाऱ्यांचा या यंत्रानं अभ्यास केला आणि तो 2017 साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत खुणेच्या हुकमानं भाषा बदलायला लावली की मेंदूच्या पुढच्या, नियंत्रण करणाऱ्या भागांवर ताण दिसतो. तोच माणूस आपल्या मर्जीनं, संभाषणाच्या ओघात भाषा बदलतो तेव्हा तो ताण उरत नाही. म्हणजे भाषाबदलाचे कष्ट म्हणून जे दिसत होतं, त्यातला मोठा भाग हुकमाचा होता.

अभ्यास मराठी मुलांचा नाही, म्हणून त्याला मराठी मुलांचा निकाल म्हणता येणार नाही. पण त्यातून दिसतं ते बिस्वाल यांच्या शोधाशी जुळणारं आहे. माणसाला हुकमावर नाचवलं की एक मेंदू दिसतो, त्याच्या मोकळेपणी पाहिलं की दुसरा.

कोणाचा विसावा?

2010 साली बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी जगातल्या 35 केंद्रांतल्या 1,414 स्वयंसेवकांच्या विसाव्यातल्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध केल्या आणि सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. आपली शिदोरी उघडून सगळ्यांच्या पंगतीत ठेवावी, तसं ते झालं. 2022 साली स्कॉट मॅरेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे 50,000 जणांच्या नोंदी तपासून सांगितलं की मेंदूतले फरक आणि माणसाचे गुण-आजार यांची विश्वसनीय सांगड घालायची तर हजारोंनी माणसं लागतात. तोवर अशा अभ्यासांत साधारण 25 माणसं असत.

हजारो माणसं हवीत, पण कुठली? मेंदूची चित्रं जुळवायला जगभर वापरला जाणारा एक साचा कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये 152 जणांच्या चित्रांवरून बनला. 2019 साली हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी 100 भारतीयांच्या चित्रांवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. सरासरी लांबी, रुंदी आणि उंची पाश्चात्त्य साच्यापेक्षा कमी निघाली. याचा बुद्धीशी काही संबंध नाही, पण उपचाराशी आहे. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू आक्रसलाय का, हे परक्या मापानं ठरवलं तर निरोगी आजीही आजारी ठरू शकते.

अमिरातीत 2016 पासून 'यूएई हेल्दी फ्यूचर स्टडी' हा मोठा आरोग्य-अभ्यास चालू आहे. 20,000 जणांचा पाठपुरावा करायचं त्याचं उद्दिष्ट आहे, पण तो अमिराती नागरिकांसाठी आहे. त्या देशाची ती गरज खरीच आहे. मात्र शारजाहून पहाटे बसनं निघणारा, अबू धाबीत क्रेन चालवणारा, दुबईत हिशोब लिहिणारा, रात्रपाळीत रुग्णांची काळजी घेणारा जो माणूस बाहेरून आला, त्याचा विसावा कोणत्या नोंदीत येणार? दोन देशांत, तीन भाषांत, वीस-वीस वर्षं परतीचा हिशोब करत जगणाऱ्या माणसाचं मोकळं मन कसं असतं? आठवण आणि उद्याची जुळवाजुळव हेच जर विसाव्यातलं मुख्य काम असेल, तर परदेशी राहणाऱ्याचा मेंदू त्या कामात किती बुडालेला असेल!

या देशाला विसाव्याची किंमत माहीत आहे. दरवर्षी 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला कायद्यानं मनाई आहे. तेव्हा इमारतींच्या सावलीत, पुठ्ठ्यावर पाठ टेकून माणसं पडलेली असतात. त्यांचं अंग स्वस्थ असतं. मेंदूच्या ऊर्जेच्या हिशोबात मात्र फारसा फरक पडलेला नसतो.

माझी इच्छा साधी आहे. परदेशातल्या मराठी मंडळांत गणपती, नाटक आणि दिवाळी पहाट होते, तशी एखादी सकाळ या शास्त्रासाठीही असावी. संशोधकांनी येऊन बोलावं, संमतीपत्र मराठीत समजावून द्यावं, कोणाची माहिती कुठे जाईल ते स्पष्ट सांगावं आणि ज्यांना वाटेल त्यांनी दहा मिनिटं द्यावीत. आणि यंत्रातल्या त्या आवाजात सूचना मराठीतून ऐकू यावी: डोळे उघडे ठेवा, फुलीकडे बघा, कसलाही विचार करू नका.

नळीतली बाई फुलीकडे बघेल. पाचव्या सेकंदाला तिला साताऱ्याचं अंगण आठवेल, मग आईच्या गोळ्या, मुलाची फी, जानेवारीचं तिकीट. यंत्राला यातलं एकही कळणार नाही. त्याला कळतील फक्त संथ लाटा, दूरदूरच्या भागांत एकत्र चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या. दहा मिनिटांनी ती बाहेर येईल, मंगळसूत्र घालेल. कोणीतरी सहज विचारेल, "कसला विचार करत होतात?"

ती म्हणेल, "काही नाही."

संगणकात तोवर तीनशे चित्रं येऊन पडलेली असतील.